आधी वारा बघ

भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर. साखर कारखान्यांच्या या टापूत वाढलेल्या माणसाला मळीचा वास येत नाही. पाहुणा एसटीतून उतरतो, नाकाला रुमाल लावतो आणि आपण त्यालाच विचारतो, ‘का रं, काय झालं?’ नाकाला सवय लागते. जगायला ते बरंच आहे म्हणा, पण आमच्या कामात हीच सवय घात करते. डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून, शेणमुताच्या बंद टाकीतून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भाग हवेत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गॅस निघून गेला, आता उतरायला हरकत नाही.

मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज गावात काय झालं, ते या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. गोठ्याचं शेणमूत साठणाऱ्या टाकीत एक जण बेशुद्ध पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग आणखी दोघं. चौघंही गेले. वाचवायला जाणाराच मरतो, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ साली अशा बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला, तेव्हा मेलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती, असं त्यात नोंदवलेलं आहे.

मी सुरक्षा अधिकारी म्हणून या पट्ट्यात काम करत आलो. कारखान्यातली सुरक्षा हे कागदावरचं काम. त्याच्या जोडीला, धोकादायक माल गळला, सांडला, पेटला तर जायचं आणि इतरांना तसं जायला शिकवायचं, हे खरं काम. त्यातली अवघड गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, धावणाऱ्याला थांबवणं. आपल्याकडे विहिरीत कुणी पडलं की पोहता न येणारासुद्धा कासरा घेऊन पळत सुटतो. त्याच्यामुळे गाव गाव राहतं. त्याच माणसाला ‘दहा पावलं अलीकडे थांब, आधी वारा बघ’ हे शिकवायचं म्हणजे त्याच्या स्वभावालाच हात घालायचा. पीपीटी दाखवून हे होत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी कमरेचा पट्टा धरावा लागतो. माझा पट्टा अण्णांनी धरला.

अण्णा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. गावी परत आले आणि आजूबाजूच्या कारखान्यांची पोरं शिकवू लागले. कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीला जायचं, त्यासाठी आमच्या क्षेत्रात ‘मार्ग’ म्हणजे म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप नावाची व्यवस्था असते. एकाकडे फोम असतो, दुसऱ्याकडे श्वसनयंत्रं, तिसऱ्याकडे क्लोरीनची गळती बुजवायचं किट. अण्णा म्हणायचे, ‘सामान वाटून घेता, तसं डोकं पण वाटून घ्या.’ ते स्वतः डोकं वाटत फिरायचे.

आमच्या भागात धोकादायक माल कुठला, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर रासायनिक कारखान्यांचं कुरकुंभ असतं. बारामती-इंदापूर म्हणजे ऊस, डाळिंब, दूध. पण दूध थंड करायला अमोनिया लागतो. पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो, तो नऊशे किलोच्या लोखंडी टनरमधून येतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आलं तसे डिस्टिलरीतून निघणारे टँकर वाढले. शिवाय पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, लोणी देवकर, इंदापूर असा आमच्या दारातून जातो. त्यावरून एलपीजी जातो, आम्लं जातात आणि काय काय जातं ते टँकरच्या पाठीवरची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

ती पाटी वाचणं हा अण्णांचा पहिला धडा. टँकरवर धोक्याच्या चौकोनी खुणेबरोबर एक चार आकडी क्रमांक असतो, संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला. १०७५ म्हणजे एलपीजी, १००५ म्हणजे निर्जल अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, ११७० म्हणजे इथेनॉल. मालाचं नाव, माल पाठवणाऱ्याचं नाव आणि फोन, हे सगळं त्या पाटीवर पाहिजे, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. अण्णा आम्हाला इंदापूरजवळच्या एका ढाब्यावर न्यायचे, चहा मागवायचे आणि समोरून जाणारे टँकर दाखवून विचारायचे, ‘काय गेलं?’ उत्तर देता आलं नाही तर चहाचे पैसे त्याने द्यायचे. मी बरेच चहा पाजले.

दर १४ एप्रिलला अण्णा एकच गोष्ट सांगायचे. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळाही होता. गाठींना आग लागली, अग्निशमनवाले जहाजावर चढले, पाणी मारत राहिले आणि जहाज उडालं. दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. अण्णा शौर्याबद्दल बोलायचे नाहीत. ‘त्यांना कधी कळलं की आत दारूगोळा आहे? आणि कुणी सांगायला पाहिजे होतं?’ एवढंच विचारायचे आणि आमच्याकडून उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. मग आम्ही पाटीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

एका हंगामात पळसदेवच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर इथेनॉलचा टँकर कलंडला. रात्रीची वेळ होती. मी नवा होतो, अण्णांबरोबर जीपमध्ये होतो. त्यांनी जीप बरीच लांब थांबवायला सांगितली, तोंड परतीच्या दिशेला करून. चावी गाडीतच ठेवायला लावली. खाली उतरून हात लांब केला, अंगठा वर केला आणि एक डोळा मिटला. अंगठ्यामागे अख्खा टँकर झाकला गेला तर आपण साधारण पुरेसे लांब आहोत, ही त्यांची मोजपट्टी. जगभर या कामातली माणसं ती वापरतात. मग चिमूटभर माती उचलून सोडली. वारा उजनी धरणाच्या पाण्याकडून येत होता. दुर्बिणीतून पाटी वाचली. ११७०.

मला वाटलं, आता टँकरकडे जायचं. अण्णांनी मला पाठवलं हॉटेलात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं आणि त्याची तंदूरभट्टी धगधगत होती. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती सखल जागेकडे वाहत जाते, आणि रस्त्याखालची मोरी हॉटेलच्याच बाजूला उघडत होती. ‘भट्टीवर वाळू टाक. गिऱ्हाईकं वाऱ्याच्या वरच्या अंगाला ने. आणि कुणाला गाडी चालू करू देऊ नको, ढकलत न्यायला सांग,’ असं म्हणून ते टँकरकडे बघत उभे राहिले. हॉटेलवाला माझ्याशी भांडला. त्याच्या भट्टीत मुर्गी होती. ‘टँकर तिकडं पडलाय, तुम्ही माझी भट्टी का विझवताय?’ त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच रात्री पहिल्यांदा मला कळलं, की या कामात धोका जिथे दिसतो तिथे तो पेटत नाही. टँकर पडला होता एकीकडे, पेटणार होता दुसरीकडे.

तेवढ्यात कॅन घेऊन माणसं यायला लागली. स्पिरिट फुकट मिळतंय ही बातमी भिगवणपासून कुठवर गेली होती कोण जाणे. कुणाच्या हातात मोबाइलची बॅटरी, कुणाच्या ओठात बिडी. पोलीस ओरडत होते, त्याचा काही उपयोग नव्हता. अण्णांनी गर्दीतल्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला बाजूला घेतलं, हाताने टँकर दाखवला, दोन मिनिटं काहीतरी बोलले. म्हाताऱ्याने मागे वळून दोन शिव्या हासडल्या आणि गर्दी पांगली. नंतर मी विचारलं, काय सांगितलंत? ‘खरं तेच सांगितलं. हे पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी भेसळ केलेली असते, आणि एक ठिणगी पडली तर इथल्या कुणाची ओळख पटणार नाही. पण मी गर्दीला सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. गर्दी ज्याचं ऐकते, त्याला सांगितलं.’

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि चांगलं काम कंटाळवाणंच असतं. मोरीचं आणि नाल्याचं तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवलं, फावड्यांनी, कारण जेसीबी वाफेत घालायचा प्रश्नच नव्हता. उजनीत इथेनॉल गेलं असतं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि भिगवणच्या मासेमारांच्या जाळ्यात मेलेले मासे आले असते. फोम कारखान्यातून मागवला. साधा फोम इथेनॉलवर टिकत नाही, अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि थर फाटतो. त्याला वेगळा, अल्कोहोलला पुरून उरणारा फोम लागतो. मग रिकामा टँकर आला. दोन्ही टँकर तारेने एकमेकांना जोडले, अर्थिंगची सळई जमिनीत ठोकली, ठिणगी न पाडणारा पंप लावला आणि माल उपसला. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, दिवसा तर दिसतच नाही. पहाटेनंतर पेटलं असतं तर आम्हाला आधी धग लागली असती, आग नंतर दिसली असती. काही पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाहतूक खोळंबल्याची चार ओळींची बातमी होती.

या कामातला गुरू शिष्याला काय सांगणार, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. जे घडलं नाही त्याची गोष्ट होत नाही. स्फोट झाला की चौकशी अहवाल निघतो, व्याख्यानं होतात, फोटो मिळतात. भट्टीवर टाकलेल्या वाळूचा फोटो कोण काढणार? अण्णांनी त्यावर साधा उपाय काढला होता. परत आल्यावर झोपायच्या आधी नव्या पोराने सगळ्यांसमोर बसून रात्र सांगायची, पहिल्यापासून. अण्णा मधे फक्त ‘तेव्हा काय बघितलंस?’ असं विचारायचे. ‘काय करायला पाहिजे होतं?’ हे कधी नाही. बघितलेलं नीट आठवलं की बाकीचं माणूस आपलं आपण शोधतो, असा त्यांचा विश्वास. मी आता हेच करतो. सरावाचे तास कमी झाले तरी चालतील, पण हे सांगणं मी चुकवू देत नाही.

अमोनियाचं शिक्षण मला एका डेअरीच्या शीतगृहात मिळालं. पुस्तकात लिहिलंय, अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. खरं आहे. पण तो द्रवरूपात उणे ३३ अंशांना उकळतो, आणि दाबाखालून सुटताना थंडगार पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरपटतो. पुस्तक वाचून आलेला पोरगा ‘हलका आहे’ म्हणून खाली वाकतो आणि नेमका त्यात सापडतो. दुसरं, पाणी. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो म्हणून पाणी मारायचं, हे बरोबर. पण मारायचं ते वाफेवर, पडद्यासारखं. खाली साचलेल्या द्रवावर मारलं की तो आणखी उकळतो आणि ढग दुप्पट होतो. क्लोरीनच्या गळतीवर तर थेट पाणी मारायचंच नाही, ओला क्लोरीन लोखंड खातो आणि भोक मोठं होतं. टनर फिरवून भोक वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळतो. एक लिटर द्रव क्लोरीनचा साधारण साडेचारशे लिटर वायू होतो. हा गुणाकार ज्याच्या डोक्यात बसला, त्याला टनर का फिरवायचा हे वेगळं समजवावं लागत नाही.

श्वसनयंत्र चढवायचा सराव मात्र कितीही वेळा करा, कमीच. आमच्याकडच्या पोरांना दाढीचा षोक. भरघोस, कोरलेली, महाराजांसारखी. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला कातडी लागते, केसांमधून हवा आत येते. हे सांगून कुणी दाढी काढत नाही, उलट अस्मितेचा प्रश्न होतो. अण्णांनी बेकरीवाल्याकडून केळ्याचा इसेन्स आणला होता. पोराला गाळणी लावलेला मुखवटा चढवायचे, खोलीत बसवायचे आणि इसेन्समध्ये बुडवलेला कापूस त्याच्या गालाजवळून फिरवायचे.

‘वास येतोय?’

‘केळ्याचा येतोय, अण्णा.’

‘मग अमोनियाचा पण येईल.’

बस. जास्त बोलायचे नाहीत. एखादा दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन यायचा, एखादा यायचा नाही. जो यायचा नाही त्याला आत पाठवायचं नाही, बाहेरचं काम द्यायचं. बाहेरचं कामही कमी मानाचं नसतं. दाराशी खडू आणि फळा घेऊन एक जण उभा असतो. कोण किती वाजता आत गेला, सिलिंडरमध्ये किती बार घेऊन गेला, हे तो लिहितो. सहा लिटरचं सिलिंडर तीनशे बारला भरलं तर कागदावर पाऊण तास पुरतं. पण घाबरलेला, घामाघूम झालेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो. पन्नास-पंचावन्न बारला शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की निघायचं, असं पुष्कळांना वाटतं. अण्णा म्हणायचे, शिट्टी वाजायच्या आत दारात आला पाहिजेस, आणि ते तुझ्या ध्यानात राहणार नाही, म्हणून फळेवाला. माझ्या मते पथकात सगळ्यात जाणता माणूस फळ्यापाशी उभा करावा. बहुतेक ठिकाणी तिथे शिकाऊ पोरगं उभं केलेलं असतं.

ऊसतोड मजुरांचा धडा अण्णांनाही ठाऊक नव्हता, तो आम्ही दोघं मिळून शिकलो. कारखान्याबाहेर काय करायचं याची आपत्कालीन योजना असते. त्यात आजूबाजूची गावं, वाड्या, शाळा, दवाखाने असतात. त्यात कोप्या नसतात. दिवाळीच्या सुमाराला बीडकडची, अहिल्यानगरकडची माणसं येतात, कारखान्यालगतच्या माळावर पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या उभ्या राहतात, आणि हंगाम संपला की नाहीशा होतात. म्हणजे योजना ज्या महिन्यांत लागू पडायला हवी, नेमक्या त्याच महिन्यांत तिथली लोकवस्ती योजनेत नसते.

आम्ही एका संध्याकाळी तिथे गेलो. बायका चुलीपाशी, पुरुष बैलांना वैरण घालत होते. वारा कसा ओळखायचा हे सांगायची गरज पडली नाही, चुलीचा धूर कुठे जातो ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. आम्ही सांगितलं, भोंगा असा वाजला तर धुराच्या दिशेला पळू नका, समोरूनही जाऊ नका, आडवे निघा, नाकावर ओलं फडकं धरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका बाईने विचारलं, ‘आन् बैलं?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बैलजोडी म्हणजे त्या घराची सगळी पुंजी, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर उभी. ती दावणीला बांधून माणूस पळणार नाही, आणि त्याने पळावं असं सांगायचा आम्हाला अधिकारही नाही. अण्णा थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘दावं कापायला विळा कुठं असतो तुमचा?’ विळा कोपीच्या तोंडाशीच होता. मग ठरलं. भोंगा वाजला की बाईने पोरं घ्यायची, गड्याने दावं सोडायच्या भानगडीत न पडता कापायचं आणि बैल मोकळे सोडायचे. आडव्या दिशेला हाकलले की ते जातात. आणि निरोप कारखान्याच्या फोनवरून थेट मुकादमाला जाईल, कारण त्या माळावर मुकादमाचाच शब्द चालतो. ही सगळी व्यवस्था योजनेच्या बाडात एका पानात मावली. तिचा सराव दर हंगामात नव्याने करावा लागतो, कारण दर हंगामात माणसं नवी.

गर्दी ज्याचं ऐकते त्यालाच सांगायचं, हे सूत्र पालखीच्या दिवसांतही उपयोगी पडलं. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, बेलवाडीला रिंगण होतं. त्या दिवसांत वाहतूक वळवतात, टँकर थांबवतात. पण वाटेलगतच्या शीतगृहात अमोनिया असतोच, तो पालखीसाठी थांबत नाही. एवढ्या लोकांना काही सांगायचं झालं तर कर्णा घेऊन ओरडणं व्यर्थ. दिंडीला क्रमांक असतो, प्रमुख असतो, आणि चोपदाराने दंड वर केला की हजारो माणसं क्षणात गप्प होतात. मी पोलिसांचा बंदोबस्तही पाहिलाय आणि चोपदाराचा दंडही. गर्दी कुणाचं ऐकते हे मला सांगायला नको.

आता माझी तक्रार. ४ मार्च १९६६ला नॅशनल सेफ्टी कौन्सिलची स्थापना झाली, म्हणून दरवर्षी त्या दिवसापासून सुरक्षा सप्ताह. कारखान्याकारखान्यांत शपथ, घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी. रांगोळीवर माझा राग नाही, छान काढतात पोरी. पण मॉक ड्रिल सकाळी साडेदहाला ठरतं, पाहुण्यांसाठी मांडव असतो, जखमी कोण होणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं आणि नाश्त्याला मिसळ. हंगामात पहाटे तीनला, तिसऱ्या पाळीत, कंत्राटी कामगार जास्त असताना सराव घ्या म्हटलं की उत्पादनाचं कारण येतं. अपघात मात्र ते कारण ऐकत नाही.

टँकरच्या ड्रायव्हरचंही तसंच. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, लायसन्सवर तशी नोंद होते. मालाची माहिती देणारं ट्रेम कार्ड केबिनमध्ये असतं. ते पुष्कळदा इंग्रजीत असतं, आणि देवाच्या फोटोमागे खोचलेलं असतं. देवाच्या शेजारी जागा मिळाली हे चांगलंच, पण वाचायचं कुणी? अण्णा ढाब्यावर ड्रायव्हरांशी हिंदीत गप्पा मारत आणि त्यांच्याकडूनच शिकत. तळाचा आपत्कालीन व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला, कुठल्या बनावटीत तो अडकतो, बॅटरीचा कट-ऑफ कुठे. ही माहिती मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांचं दुखणं वेगळं. औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पास होऊन पोरं-पोरी येतात आणि पहिल्या दिवसापासून संगणकासमोर बसतात. परमिटची नोंद, ऑडिटचं उत्तर, सह्यांची वही. माझ्याकडे इंदापूर तालुक्यातली एक मुलगी आली होती. हुशार, सगळे नियम कलमासकट पाठ. मी तिला काही महिने फाइलपासून लांब ठेवलं आणि अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर निवृत्तीला आलेले एक ऑपरेटर होते, त्यांच्याबरोबर पाळीत बसवलं. वरच्यांना ते फारसं रुचलं नाही. ऑपरेटर काकांनी तिला काहीही ‘शिकवलं’ नाही. ते नुसते फिरायचे, पाइपावर तळहात ठेवायचे, आवाज ऐकायचे. एकदा त्यांनी एका फ्लँजपाशी थांबून तिला विचारलं, ‘इथं बर्फ नेहमीपेक्षा जाडा वाटतोय का गं?’ तिने मोबाइलमधला आधीचा फोटो काढून दाखवला. जाडा होता. पॅकिंग बदललं गेलं. आता फोटोची ही पद्धत तिनेच रुजवली आहे, रोज त्याच जागेचा, त्याच कोनातून. काका निवृत्त झाले, त्यांची नजर तिच्या फोनमध्ये काही प्रमाणात तरी राहिली. अशा जोड्या लावायला पैसे लागत नाहीत. निवृत्तीच्या निदान एक हंगाम आधी शेजारी कुणीतरी बसवायची बुद्धी लागते, आणि ती मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

अण्णा आता थकलेत, ढाब्यावर येत नाहीत. फोन करतात, पहिला प्रश्न ‘वारा कुठनं आहे?’ हाच असतो. मीही सवयीने खिडकीबाहेर बघून उत्तर देतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणी या पट्ट्यात राहत असेल तर दोन कामं सांगतो. टँकर उलटलेला दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब थांबा, ११२ला फोन करा आणि दिसत असेल तर चार आकडी क्रमांक सांगा. मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका, आणि कुणी जात असेल तर त्याचा पट्टा धरा. दुसरं, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्या कारखान्याने, अपघात झाला तर ज्यांना झळ बसेल अशा आसपासच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करायचं, काय टाळायचं हे कळवायला हवं. १९८९च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांतला १५वा नियम तसं सांगतो. तुमच्या गावाशेजारी असा कारखाना असेल तर पुढच्या ग्रामसभेत सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा आणि भोंग्याचा अर्थ विचारा. हंगामात बोलवा, आणि कोप्यांवरच्या मुकादमांनाही निरोप धाडा.